विमान लहान, पण इंजिन खरेखुरे!
यवतमाळच्या उन्हात मॉडेल विमानाचे इंजिन बसवायचे आणि लावायचे कसे?

प्रतिनिधी, यवतमाळ

पऱ्हाटी उपटून मोकळे झालेले शेत, सकाळची वेळ, वारा जवळजवळ नाहीच. बाल्सा लाकडाचे, दीड मीटर पंखांचे विमान जमीन सोडते, वीस-पंचवीस फूट वर चढते आणि नेमक्या त्याच क्षणी इंजिनाचा सूर चिरका होतो. पुढच्या दोन सेकंदांत सारे शांत. विमान नाक खाली घालून ढेकळांत आदळते आणि महिन्याभराच्या मेहनतीच्या काटक्या गोळा करण्याची वेळ येते. मॉडेल विमानांचा छंद जोपासणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. अशा वेळी दोष इंजिनाच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात बिघाड असतो तो इंजिन बसविण्यात किंवा लावण्यात. तंबोरा जसा मैफलीपूर्वी लावावा लागतो, तसेच हे इंजिनही प्रत्येक उड्डाणापूर्वी लावावे लागते. आणि यवतमाळसारख्या ठिकाणी ते कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्यांवर विसंबून लावता येत नाही.

महाराष्ट्रात या छंदाची ओळख अनेकांना राष्ट्रीय छात्र सेनेमुळे, म्हणजेच एनसीसीमुळे झाली. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग असून, अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. विदर्भासाठी या शाखेचे नागपूर येथील २ महाराष्ट्र एअर स्क्वॉड्रन हे जवळचे केंद्र. पुण्याचे सदानंद काळे यांच्या प्रात्यक्षिकांनी शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर हजारो मुलांना छोट्या विमानांच्या कसरती दाखविल्या. एके काळी कोलकात्यात बनलेली ‘अरोरा’ इंजिने देशभरातील छांदिष्टांच्या हाती असत. पुढे जपानची ‘ओएस’ व ‘एन्या’, तैवानची ‘थंडर टायगर’ ही नावे परिचयाची झाली. गेल्या दोन दशकांत बॅटरीवरील मोटारींनी मैदान बरेचसे काबीज केले, हे खरे. तरीही एरंडेलाचा वास आणि इंजिनाचा आवाज यांच्या ओढीने या वाटेला जाणारे अजूनही आहेत.

दोन जातींची इंजिने

स्कूटरच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाची ओळख असलेल्याला हे इंजिन समजणे अवघड नाही. क्षमता दीड ते दहा घनसेंटिमीटर, म्हणजे दीड ते दहा सीसी. आकार मुठीत मावेल एवढा. स्पार्क प्लग मात्र यात नसतो. एका जातीच्या इंजिनात प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असलेला ग्लो प्लग असतो. सुरुवातीला दीड व्होल्टच्या बॅटरीने ही तार लाल करायची. इंजिन चालू झाले की बॅटरी काढून घ्यायची. मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या रासायनिक क्रियेमुळे, तसेच ज्वलनाच्या उष्णतेमुळे तार पुढे आपोआप तापलेली राहते. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये हा प्लग बाजारात आणला आणि जड बॅटरी व कॉइल विमानातून कायमची हद्दपार झाली.

दुसऱ्या जातीला ‘डिझेल’ म्हणण्याची पद्धत आहे. यात प्लगच नाही. हवेच्या दाबानेच इंधन पेटते. डोक्यावरील एका स्क्रूने तो दाब कमी-जास्त करता येतो. पेट्रोल पंपावरच्या डिझेलशी मात्र याचा संबंध नाही. इथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समप्रमाणात मिसळून याचे इंधन तयार होते. ग्लो इंजिनाला मिथेनॉल व एरंडेल साधारण चारास एक या प्रमाणात लागते. वंगणाची वेगळी सोय नसल्याने इंधनातील एरंडेल हेच इंजिनाचे आयुष्य. स्वस्तात मिळाले म्हणून भेसळीचे तेल वापरणे म्हणजे पिस्टन हाताने घासून टाकण्यासारखेच!

बसविताना मिलिमीटरचा हिशेब

इंजिन बसविण्याची जागा म्हणजे विमानाच्या नाकामागची भिंत. ती किमान ५ ते ६ मिलिमीटर जाडीच्या चांगल्या प्लायवूडची असावी आणि कडांना इपॉक्सीने पक्की जोडलेली असावी. त्यावर नायलॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा माउंट बोल्टने बसतो. लहान विमानांत भिंतीऐवजी कठीण लाकडाच्या दोन समांतर पट्ट्यांवर इंजिन आडवे टेकवितात. पद्धत कोणतीही असो, इंजिनाचे चारही कान एका पातळीत टेकले पाहिजेत. एक कान अधांतरी ठेवून बोल्ट आवळला, तर इंजिनाची पेटी किंचित पिळवटते, क्रँकशाफ्ट जड फिरतो आणि नवे इंजिन कुरकुरू लागते. नटांना धरून ठेवणारा चिकट द्रव थेंबभर लावावा. मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांच्या थरथरीपुढे नुसता वॉशर टिकत नाही.

बोल्ट आवळण्यापूर्वी एक काम आवर्जून करावे. भिंत, टाकीची पोकळी आणि नाकाचा सारा उघडा लाकडी भाग पातळ केलेल्या इपॉक्सीने रंगवून घ्यावा. सायलेन्सरमधून एरंडेलाचे थेंब सतत उडत असतात. उघडे लाकूड ते पिऊन घेते, हळूहळू मऊ पडते आणि एखाद्या दिवशी इंजिन माउंटसकट हातात येते.

इंजिन अगदी सरळ बसवायचे नसते, हे नवख्यांना चमत्कारिक वाटते. पंखा एका दिशेने फिरतो तेव्हा विमानाला उलट दिशेने पिळ बसतो, शिवाय पंख्यामागून निघालेली हवेची गिरकी शेपटीवर आदळते. परिणामी विमान डावीकडे ओढले जाते. यावर उपाय म्हणून इंजिनाचे तोंड, वैमानिक आत बसला आहे असे मानले तर त्याच्या उजवीकडे, दोन ते तीन अंश वळविलेले असते. वर पंख असलेल्या शिकाऊ विमानात ते तितकेच खालीही झुकवितात. नाहीतर वेग वाढविताच विमान नाक वर करू लागते. माउंटच्या मागे एका बाजूला वॉशर सरकवून हा कोन साधता येतो. दोन पोलादी तारांना बांधून गोल फिरविल्या जाणाऱ्या कंट्रोल लाइन विमानात इंजिनाचे तोंड वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला किंचित वळवितात. उद्देश एकच, तारा सैल पडू नयेत.

चालता चालता इंजिन बंद पडण्याचे सर्वांत मोठे, आणि सर्वांत कमी संशय घेतले जाणारे, कारण म्हणजे टाकी. टाकीची मधली रेषा कार्बोरेटरमधील इंधनाच्या नळीच्या पातळीत किंवा त्याहून अर्धा-एक सेंटिमीटर खाली हवी. टाकी उंच बसली तर इंधन आपोआप वाहून इंजिन तुंबते. फार खाली बसली तर नाक वर करताच इंजिनाला इंधन अपुरे पडते. टाकीच्या आत लवचिक नळीच्या टोकाला पितळी वजन असते. विमान कसेही कलले तरी हे वजन इंधनाच्या मागे जाते. ते टाकीच्या मागच्या भिंतीला चिकटू नये, पाच-सहा मिलिमीटरची फट राहावी. टाकी थेट लाकडावर ठेवू नये. भोवती मऊ स्पंज हवा. अन्यथा थरथरीने इंधनाला फेस येतो आणि नळीतून बुडबुडे जातात. विमान हवेत गेल्यावर विनाकारण बंद पडणाऱ्या कितीतरी इंजिनांचे रहस्य या पाच रुपयांच्या स्पंजात दडलेले असते.

सारे बसवून झाले की विमान रिकाम्या टाकीनिशी तोलून पाहावे. पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण २५ ते ३० टक्क्यांवर दोन बोटांनी उचलले असता ते समतोल राहायला हवे. शेपूट जड वाटल्यास नाकात शिसे घालावे. शेपूट जड ठेवून उडविलेले विमान बहुधा एकदाच उडते.

पंखा हे हत्यारच

साडेसहा सीसीच्या इंजिनाला साधारण १० इंच लांबीचा आणि ६ इंच पिचचा, अडीच सीसीच्या इंजिनाला ८ इंच लांबीचा आणि ४ इंच पिचचा पंखा लागतो. पिच म्हणजे एका फेरीत पंखा तत्त्वतः पुढे सरकेल ते अंतर. दहा इंची पंखा मिनिटाला १२ हजार फेऱ्या घेतो, तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे जातो. म्हणजे तो पंखा राहत नाही, पाते होते. त्यामुळे तो समतोल आहे ना, त्याला केसभरही तडा नाही ना, हे पाहिल्याशिवाय बसवूच नये. तडा गेलेला पंखा चिकटवून वापरण्याची काटकसर कोणी करू नये.

समोरून पाहताना पंखा हाताने फिरवावा. दाब जाणवू लागतो तेव्हा पाती घड्याळातील दोन आणि आठच्या रेषेत येतील, अशा रीतीने तो आवळावा. उजव्या हाताने झटका देणे त्यामुळे सोपे जाते. तरीही बोटाऐवजी रबर गुंडाळलेली दांडी वापरणे शहाणपणाचे. इंजिन चालू असताना पंख्याच्या रेषेत, म्हणजे बाजूला, कोणीही उभे राहू नये. प्रेक्षकांतील मुले नेमकी तिथेच येतात. सुईची चकती फिरवायची ती विमानाच्या मागे उभे राहून. सदऱ्याच्या बाह्या, गळ्यातला रुमाल, ओढणी हे सारे आधी आवरून घ्यावे.

काळ्या मातीच्या प्रदेशात आणखी एक पथ्य आहे. पंखा समोरची धूळ उचलतो आणि कार्बोरेटर ती गिळतो. कोरड्या काळ्या मातीची भुकटी इंजिनाच्या आत गेली की पॉलिश कागदासारखे काम करते. म्हणून इंजिन सुरू करताना विमानाखाली ताडपत्री अंथरावी आणि इंधन गाळणीतूनच टाकीत भरावे. शेतकऱ्याच्या घरी ताडपत्रीची उणीव नसते!

नव्या इंजिनाचे पहिले तास

नव्या मोटारसायकलचे पहिले काही शे किलोमीटर जपून चालवितात, तसेच इथेही. लोखंडी पिस्टनचे इंजिन असेल तर लाकडी ठोकळ्यावर आवळून एका वेळी दोन-तीन मिनिटे, इंधन भरपूर देत, मध्ये पूर्ण थंड होऊ देत, असे एकूण अर्धा ते एक तास चालवावे. पितळी नळीला क्रोमचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियमचा पिस्टन असलेल्या इंजिनांचे शास्त्र निराळे. त्यांची नळी वरच्या टोकाला मुद्दाम निमुळती असते आणि गरम झाल्यावरच योग्य मापाची होते. ती थंड राहतील इतके जास्त इंधन देत रेंगाळत ठेवली, तर उलट अधिक झिजतात. त्यांना थोड्या वेळात नीट तापू द्यावे लागते.

सुई फिरविण्याची कला

कार्बोरेटरवरील बारीक सुई किती उघडी आहे, यावर हवेत इंधन किती मिसळणार ते ठरते. सुई उघडली की मिश्रण गाढे होते, बंद केली की विरळ. सुरुवातीला ती अडीच-तीन फेरे उघडावी. कार्बोरेटरच्या तोंडावर बोट ठेवून पंखा दोनदा फिरवावा, म्हणजे इंधन नळीतून येताना दिसते. मग प्लगला बॅटरी लावून झटका द्यावा. पंखा अचानक घट्ट लागला तर आत इंधन साचले आहे असे समजावे. जोर लावू नये. प्लग काढून, विमान उलटे करून इंधन बाहेर पडू द्यावे. जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिन सुरू होऊन अर्धा-एक मिनिट तापले की पूर्ण वेग द्यावा, बॅटरी काढावी आणि सुई एकेक खटका बंद करीत जावी. प्रत्येक खटक्यानंतर दोन-तीन सेकंद थांबावे लागते, कारण बदल लगेच दिसत नाही. घाई करणारा नेमका येथे चुकतो. गाढ्या मिश्रणात आवाज जाड आणि फटफटता येतो. सुई बंद होत जाते तसा तो एकसंध, उंच होतो. एका टप्प्यावर वेग सर्वाधिक होतो. तेथे थांबायचे नाही. तेथून सुई पुन्हा थोडी उघडून मिनिटाला दोनशे ते तीनशे फेरे कमी करायचे. आता विमान घट्ट धरून नाक आकाशाकडे करावे. वेग किंचित वाढला किंवा तसाच राहिला तर ठीक. तो खाली बसला तर मिश्रण विरळ आहे आणि ते विमान उड्डाण घेताच बंद पडणार, हे नक्की समजावे. लेखाच्या आरंभी ढेकळांत गेलेले विमान बहुधा या एका परीक्षेशिवायच सोडलेले असते.

इंधनाची नळी क्षणभर चिमटीत धरून सोडणे ही दुसरी परीक्षा. वेग आधी वाढून मग उतरला तर मिश्रण योग्य. लगेच उतरला तर विरळ. मंद वेगाचा स्क्रू वेगळा असतो आणि तो मुख्य सुई लागल्यानंतरच हाताळायचा. मंद वेगावरून एकदम पूर्ण वेग देताना इंजिन धूर ओकत अडखळले तर मंद वेगाचे मिश्रण गाढे आहे; धुराविना चटकन मेले तर विरळ. डिझेल जातीत सुईबरोबर दाबाचा स्क्रूही जुळवावा लागतो. दाब जास्त झाला की इंजिन कण्हू लागते, तापते आणि त्याच्या सायलेन्सरचे तेल काळे येते.

मे महिन्याची सुई डिसेंबरला चालत नाही

यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे तेथील हवा त्याच तापमानाच्या मुंबईतील हवेपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी विरळ असते. फरक लहान आहे. तापमानाचा फरक मात्र लहान नाही. हिवाळ्यातील पहाटे पारा १० अंशांपर्यंत उतरतो, मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. या दोन टोकांत हवेची घनता सुमारे ११ टक्क्यांनी बदलते. हवा विरळ म्हणजे प्राणवायू कमी आणि त्याच सुईवर मिश्रण गाढे. इंजिन ओढत नाही, ताकद कमी वाटते आणि चालविणारा सुई बंद करतो. तेच विमान तशाच सुईवर डिसेंबरच्या थंडीत उडविले तर घन हवेत मिश्रण विरळ पडते, इंजिन जळजळते आणि बंद पडते. पुस्तिकेतील ‘अडीच फेरे’ हे केवळ सुरुवातीचे ठिकाण असते. ऋतू पालटला, इतकेच काय सकाळची दुपार झाली, तरी सुई पुन्हा लावावी लागते. त्यातही उन्हाळ्यात अखेरचा खटका गाढ्या बाजूलाच ठेवावा. थोडी ताकद गमावली तरी चालेल. जास्तीचे इंधन आणि एरंडेल इंजिनाला थंड ठेवते.

डिझेल जातीच्या इंजिनापुढे विदर्भाचा उन्हाळा आणखी एक पेच टाकतो. इथर सुमारे ३५ अंशांनाच उकळते. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत सावलीतल्या बाटलीतही ते उडून जायला टपलेलेच असते. बाटलीचे झाकण सारखे उघडले की इथर निघून जाते, मागे रॉकेल व एरंडेल उरते आणि काल सुरू झालेले इंजिन आज हूं की चूं करीत नाही. अशा वेळी दाबाचा स्क्रू आवळत जाण्याचा मोह होतो आणि इंजिन मोडते. उपाय साधा आहे. इंधन थोडे थोडे तयार करावे, गडद बाटलीत घट्ट बंद करून बर्फाच्या डब्यात न्यावे आणि उड्डाणे सकाळी नऊच्या आत आटोपावीत. इथरची वाफ जमिनीलगत पसरते व दुरूनही पेट घेते, त्यामुळे आसपास विडी-सिगारेट नको. मिथेनॉल तर विषच आहे. ते पोटात गेल्यास दृष्टी आणि जीव दोन्ही जाऊ शकतात, त्वचेतूनही ते शरीरात शिरते आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. त्याच्या खरेदी-साठ्यावर कायद्याचे नियंत्रण आहे. पाण्याच्या बाटलीत ते कदापि भरू नये.

जागा निवडताना विजेच्या तारा आधी पाहाव्यात. कंट्रोल लाइनच्या पोलादी तारा १५ ते १८ मीटर लांब असतात आणि उच्च दाबाच्या वाहिनीजवळ त्या जीवघेण्या ठरतात. रेडिओवर चालणाऱ्या विमानांना २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. पंचवीस किलोपर्यंतचे, शिक्षण किंवा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडविले जाणारे विमान त्यात ‘मॉडेल’ या गटात येते. यवतमाळला विमानतळ असल्याने, मैदान कोणत्या रंगाच्या क्षेत्रात पडते ते ‘डिजिटल स्काय’ च्या नकाशावर पाहूनच विमान बाहेर काढावे.

दिवसाचे शेवटचे उड्डाण झाले की नळी काढून इंजिन आतील इंधन संपेपर्यंत चालवावे. मिथेनॉल हवेतील ओलावा ओढते आणि बेअरिंगला गंज चढतो, विशेषतः पावसाळ्यात. कार्बोरेटरमध्ये हलक्या तेलाचे चार थेंब सोडून पंखा काही वेळा फिरवावा आणि इंजिन कापडात गुंडाळून ठेवावे. काही महिन्यांनी बाहेर काढल्यावर ते अडकलेले आढळले तर पक्कड लावू नये. आत एरंडेलाचा डिंक झालेला असतो. केस वाळविण्याच्या यंत्राने इंजिन हळूहळू गरम केले की तो सुटतो. मग प्लग तपासावा, नळी बदलावी आणि सुई पुन्हा अडीच-तीन फेरे उघडून पहिल्यापासून सुरुवात करावी.